आद्य आचार्य श्रीनागदेव : सेवा आणि स्मरण

परमार्गाच्या इतिहासात सन्निधानाचा काळ अल्प आणि असन्निधानाचा काळ फार दीर्घ आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या प्रत्यक्ष सहवासाचे भाग्य ज्यांना लाभले ते मोजकेच. त्यांच्यामागून जे आले त्या सर्वांना परमेश्वर दृष्टीआड असतानाच धर्म आचरावा लागला. या दोन काळांच्या संधीवर जे उभे राहिले, ज्यांनी सन्निधानाचे सुख पुरते भोगले आणि असन्निधानाचे दुःखही पुरते सोसले, ते आद्य आचार्य श्रीनागदेव, अर्थात भटोबास होत. पंथाचे संघटक म्हणून त्यांचे चरित्र पुष्कळ वेळा सांगितले गेले आहे. परंतु त्या संघटनेच्या मुळाशी त्यांच्या मनाची जी घडण होती, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. भटोबास जन्मतः शांत नव्हते. त्यांच्या ठिकाणी पुढे जी स्थिरता दिसते ती कमावलेली आहे, आणि ती कशी कमावली गेली हे साधकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे.

भटोबासांच्या घरची बरीच मंडळी स्वामींच्या परिवारात होती. माता आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलतभगिनी महदाइसा या तिघींची नावे लीळाचरित्राच्या वाचकाला घरच्या माणसांसारखी परिचित असतात. रामदेव दादोसांच्या संगतीतून ही मंडळी स्वामींपर्यंत पोचली. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला तो काळ. देवगिरीवर यादवांचे राज्य होते, व्रतवैकल्यांचे माहात्म्य वाढलेले होते, संस्कृत विद्येला मान होता आणि त्या विद्येवाचून धर्म कळत नाही अशी समजूत दृढ होती. अशा काळी स्वामींनी लोकांच्या बोलीत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे निरूपण केले, आणि स्त्री, शूद्र, अंत्यज यांपैकी कोणालाही ज्ञानाला अपात्र मानले नाही. भटोबासांवर या निरूपणाचा जेवढा परिणाम झाला, त्याहून अधिक परिणाम स्वामींच्या सहवासाचा झाला. ते विचाराने स्वामींकडे वळले हे खरे असले, तरी प्रेमाने ते अधिक बांधले गेले. त्यांचा स्वभाव उत्कट होता. जे धरायचे ते पूर्णपणे धरायचे अशी त्यांची वृत्ती होती. या गुणाचेच पुढे त्यांना संकट झाले.

इ. स. 1274 च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या भक्तांना श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेसाठी ऋद्धिपुरास जाण्याची आज्ञा दिली होती. ही आज्ञा वरवर साधी दिसते. परंतु ज्याचे सर्व जीवितच एका मूर्तीभोवती गुंफलेले होते, त्या भटोबासांना त्या वेळी आज्ञेचा अर्थही जड झाला असला पाहिजे. विरहाने त्यांचे शरीर क्षीण झाले, अन्नपाण्यावरची वासना उडाली. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख श्रेष्ठ मानले जाते हे खरे. पण दुःखाने देह टाकला तर आज्ञा कोण पाळणार, हा प्रश्न उरतोच. भटोबासांनी देह टाकला नाही. ते ऋद्धिपुरास गेले. त्यांच्या चरित्रातील पहिली मोठी घटना हीच म्हटली पाहिजे. भावनेने ज्या दिशेला ओढले त्या दिशेला न जाता, आज्ञा ज्या दिशेला होती तिकडे ते चालू लागले. मन पुढे शांत झाले, पण पाय आधी वळले.

ऋद्धिपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. तेथे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. गावातील सामान्य जनांना ते वेडे वाटत, आणि तेच लोक त्यांना आपले मायबापही मानीत. त्यांचे वर्तन कोणत्याही नियमात बसणारे नव्हते. मनास येईल तेव्हा ते गल्ल्यांतून हिंडत, कोणाच्याही घरात शिरत, हंडीतले अन्न काढून घेत, मुलांसारखे खेळत, कोपत, क्षणात प्रसन्न होत. स्पृश्यास्पृश्याचा विटाळ त्यांना नव्हता. मातंगांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी विहिरीची जागा दाखविल्याची लीळा ऋद्धिपूरचरित्रात आहे. अशा पुरुषाच्या सेवेत भटोबास, महदाइसा, आबाइसा, उमाइसा आणि इतर भक्तजन राहिले. हा काळ सुमारे चौदा वर्षांचा होता.

चौदा वर्षे ही थोडी नव्हेत. स्वामींच्या सन्निधानात भटोबासांना प्रश्न विचारता येत, उत्तरे मिळत, निरूपण ऐकता येई. गोविंदप्रभूंच्या सन्निधानात निरूपण नव्हते. तेथे होते ते पाणी आणणे, अन्न सिद्ध करणे, मर्दन, मार्जन, मागे मागे चालणे, आणि कोप झाला तर तो मुकाट्याने शिरी धरणे. तयार केलेले ताट फेकले गेले म्हणून सेवकाने खट्टू व्हायचे नाही, आणि प्रेमाने प्रसाद हाती आला म्हणून इतरांपेक्षा आपण वरचढ ठरलो असे मानायचे नाही. कोणत्या वेळी काय घडेल याचा अंदाज बांधणे शक्यच नव्हते. त्यामुळे अपेक्षा ठेवण्याची सवय हळूहळू सुटत गेली. सुखदुःख समान मानावे असा उपदेश सर्व शास्त्रे करतात. परंतु तो अंगी बाणविण्यासाठी ऋद्धिपुरासारखी शाळा क्वचितच कोणाला लाभली असेल. ज्या उत्कट स्वभावाने भटोबासांना विरहात मरणाच्या दारी नेले, तोच स्वभाव येथे रोजच्या कामात मुरला. प्रेम उणे झाले नाही, त्याचा आवेग मात्र निवला.

हे सर्व कोरडे, कष्टाचेच होते असे मात्र समजण्याचे कारण नाही. गोविंदप्रभूंना एकदा आपल्या विवाहाचा छंद लागला, तेव्हा महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गाइले. मराठीतील या आद्य कवयित्रीचे काव्य सेवेतून जन्मले. गोविंदप्रभूंची आवड म्हणून गाणे आणि गाता गाता काव्य होणे, एवढाच त्याचा इतिहास आहे. महदाइसा मोठी जिज्ञासू होती. स्वामींना तिने विचारलेले प्रश्न हा लीळाचरित्राचा एक मोलाचा भाग आहे. भटोबास तिला धर्मकार्यातील आपली सोबतीण मानीत.

सेवेच्या जोडीला दुसरे साधन होते ते स्मरणाचे. परमार्गात ध्यान हा शब्द इतर योगमार्गांप्रमाणे श्वासाच्या निरोधाशी किंवा निराकाराच्या चिंतनाशी जोडलेला नाही. येथे स्मरण आहे, आणि ते साकार परमेश्वराचे आहे. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा असे त्याचे चार प्रकार. मुखाने नाम घ्यावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ती मूर्ती कशी होती, कोणत्या गावी कोणत्या झाडाखाली बसली, कोणाशी काय बोलली, हात कसा हलविला, हे सारे मनात पुन्हा उभे करावे. विस्कळीत मनाला एका जागी बसविण्यासाठी याहून स्वाभाविक उपाय सुचणे कठीण आहे, कारण मन रिकामे करण्याचा अट्टाहास त्यात नाही. मनाला चित्रे लागतात, गोष्टी लागतात. त्या त्याला द्याव्यात, पण परमेश्वराच्या द्याव्यात. भटोबासांची स्मृती विलक्षण होती आणि ऋद्धिपुरात वाजेश्वरीच्या परिसरात बसून ते असे स्मरण करीत असत.

तेथेच म्हाइंभटांनी त्यांना पाहिले. म्हाइंभट हे मोठे विद्वान. सराळ्याचे राहणारे, शास्त्राचा अभिमान बाळगून स्वामींशी वाद करायला आलेले आणि वादाऐवजी शरण गेलेले. भटोबास एकाग्र बसलेले पाहून त्यांनी विचारणा केली, आणि भटोबासांनी आपण सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत आहोत असे सांगितले. म्हाइंभटांच्या मनात विचार आला, की ज्यांनी स्वामींना पाहिले ते असेपर्यंत हे असे चालेल; पण पुढच्यांनी काय आठवावे? त्यांनी पाहिलेच नाही. तेव्हा या लीळा लिहून ठेवाव्यात. भटोबासांनी संमती दिली. म्हाइंभट गावोगाव फिरून ज्याच्या त्याच्याकडून लीळा मिळवीत आणि भटोबासांकडून त्यांची शहानिशा करून घेत. लीळाचरित्र हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरविला जातो, आणि भाषेचे अभ्यासक त्याला तेराव्या शतकातील बोलीचा ठेवा मानतात. हे सारे खरेच आहे. परंतु ग्रंथ निघाला तो भाषेच्या सेवेसाठी नव्हे. एका साधकाचे एकांतातले स्मरण दुसऱ्या साधकाने सर्वांसाठी मोकळे केले, ही त्याची उत्पत्ती आहे. त्यामुळेच त्यातील लीळा लहान, स्वतंत्र, स्थळाच्या नावासह आहेत. एकेक घेऊन मनात घोळवाव्यात अशाच.

इ. स. 1287-88 च्या सुमारास श्रीगोविंदप्रभूंनीही देह ठेवला. भटोबासांवर हा दुसरा आघात. या वेळी पाठविण्यासाठी दुसरे ऋद्धिपूर नव्हते. पृथ्वीवर कोठेही प्रत्यक्ष सन्निधान उरले नव्हते, आणि शोकाकुल परिवार त्यांच्याकडे पाहत होता. पहिल्या वियोगात जे खचले होते ते या वेळी उभे राहिले, यातच मधल्या चौदा वर्षांचे फळ दिसते. दुःख त्यांना झाले नाही असे नाही. परंतु दुःख बाळगूनही इतरांचे दुःख ऐकण्याइतकी जागा त्यांच्या मनात आता होती. पंथाचे आचार्यत्व त्यांच्याकडे आले ते यातून. गादी, मठ, संपत्ती यांपैकी काहीच त्यांच्यापाशी नव्हते.

आचार्य या नात्याने त्यांनी नवे काही सांगितले नाही. स्वामींचाच आचारधर्म त्यांनी चालविला. झाडातळी वसावे, भिक्षा करावी, एका स्थळी रेंगाळू नये, विजनात बसावे, जीवमात्राला दुखवू नये, महाराष्ट्रात राहावे. प्रत्यक्ष सन्निधान नाही तर स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार ठिकाणी त्याची आठवण धरावी. यांपैकी शेवटची दोन माणसे आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकांतात मूर्ती आठवायची आणि उठल्यावर समोर येईल त्या भिक्षुकाला, वासनिकाला तोच संबंध जाणून वंदायचे, पाणी द्यायचे, आजारात जपायचे. स्मृतिस्थळातील भटोबास सतत या दोन क्रियांमध्ये ये-जा करताना दिसतात. कठोर वैराग्याचे आणि तितक्याच हळव्या वात्सल्याचे असे हे आचार्य होते. शिष्यांच्या चुका ते परखडपणे दाखवीत, आणि शिष्य भिक्षेला गेला असता तो येईपर्यंत त्यांचा जीव त्याच्यात अडकलेला असे.

त्यांच्याभोवती पंडितांचा मोठा मेळा जमला. केशिराजांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वामींची वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. दामोदरपंडित, भास्करभट्ट बोरीकर यांच्यासारखे कवी आले. रुक्मिणीस्वयंवराचे कर्ते नरेंद्र हे तर रामदेवरायाच्या दरबारातले. राजाने ग्रंथ आपल्या नावावर करून मागितला असता त्यांनी तो दिला नाही, आणि शेवटी ते भटोबासांना शरण आले. एवढ्या विद्वानांच्या सहवासात आचार्यांना संस्कृताचा मोह पडणे अशक्य नव्हते. केशिराजांची तशी इच्छाही होती. भटोबासांनी ती मान्य केली नाही. संस्कृतात शास्त्र गेले तर परिवारातील वृद्ध स्त्रिया त्यास मुकतील, हे त्यांचे कारण होते. त्यात भाषाभिमानापेक्षा सेवाबुद्धी अधिक आहे. ज्यांच्या बरोबर ऋद्धिपुरात चौदा वर्षे पाणी वाहिले, त्या आबाइसा-महदाइसांसारख्या म्हाताऱ्यांच्या हातून स्मरणाचे साधन काढून घेणे त्यांना मान्य नव्हते.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी भटोबासांनी देह ठेवला. त्यांच्यामागे बाइदेवबास आचार्यपदी आले. त्याच सुमारास यादवांच्या राज्यावर उत्तरेकडून स्वाऱ्या झाल्या, आणि त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली. परंतु ज्यांनी लीळा रोज आठवल्या होत्या असे साधक अद्याप हयात होते. त्यांनी आपापल्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्या अनेक पाठांपैकी एक हिराइसेच्या नावाने ओळखला जातो.