सर ऑलिव्हर लॉज: गाडीतल्या स्पीकरची पायाभरणी करणारा शास्त्रज्ञ

समजा, तुम्ही समृद्धी महामार्गावर कॅम्पर व्हॅन ताशी १०० किलोमीटरने चालवताय. जालन्याला उतरून राजूरच्या गणपतीला जायचंय. मोबाईल वळण सांगतो, पण इंजिनाची घरघर, टायरचा आवाज आणि मागच्या कपाटातल्या भांड्यांचा खडखडाट यात ते ऐकूच येत नाही. या वेगात दोन सेकंदांत गाडी ५५ मीटर पुढे जाते. एक्झिट हुकला म्हणून कुणी घाबरून करकचून ब्रेक मारला, तर जिवावर बेतू शकतं.

मग स्पीकर कोणता घ्यायचा? त्याआधी ज्या माणसाने या स्पीकरचा पाया घातला, त्याची गोष्ट बघू.

मातीच्या धंद्यातला मुलगा

ऑलिव्हर लॉज यांचा जन्म १२ जून १८५१ चा, इंग्लंडमधल्या पेंकहल गावचा. वडील कुंभारकामाच्या कारखान्यांना माती पुरवायचे. चौदाव्या वर्षी ऑलिव्हरला शाळा सोडून त्याच धंद्यात जावं लागलं. पण डोक्यात विज्ञानच होतं. विशी उलटल्यावर त्यांनी धंदा सोडला आणि १८७७ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १८८१ मध्ये ते लिव्हरपूलला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१८९४ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला तारेशिवाय सिग्नल पाठवून दाखवला. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनाही या विषयाची ओढ लॉज यांच्या लेखनातूनच लागली. पुढे लॉज यांनी ट्यूनिंगचं पेटंट घेतलं. म्हणजे हवेत कितीही लहरी असल्या, तरी रिसीव्हरने हवी तीच पकडायची. आज तुमचा फोन उपग्रहाचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा जीपीएस सिग्नल वेगळा काढतो, त्यामागचं मूळ तत्त्व हेच. मार्कोनी कंपनीला हे पेटंट १९१२ मध्ये लॉज यांच्याकडून विकत घ्यावं लागलं.

स्पीकर आला, पण वेळेआधी

१८९८ मध्ये लॉज यांनी मूव्हिंग कॉइल स्पीकरचं पेटंट घेतलं. रचना साधी आहे. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं असतं. त्यातून आवाजाचा विद्युतप्रवाह गेला की वेटोळं पुढे-मागे हलतं. त्याला जोडलेला पडदा हवा ढकलतो आणि आवाज निघतो. तुमच्या गाडीतला स्पीकर आजही असाच चालतो.

अडचण एकच होती. तेव्हा ॲम्प्लिफायरच नव्हता. टेलिफोनचा प्रवाह इतका दुबळा, की पडदा जोरात हलवायला ताकदच पुरत नव्हती. कल्पना बरोबर असूनही तिचा धंदा झाला नाही. पुढे व्हॅक्यूम ट्यूब आली, आणि १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी ॲम्प्लिफायरसह याच प्रकारचा स्पीकर तयार केला. तोच जगभर पसरला.

मधल्या काळात लॉज १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले प्राचार्य झाले, १९०२ मध्ये त्यांना सर किताब मिळाला. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायची त्यांची पद्धत घेऊन त्यांच्या मुलांनी स्पार्क प्लगची कंपनी काढली. पण १९१५ मध्ये मुलगा रेमंड पहिल्या महायुद्धात मारला गेला. तारेशिवाय सिग्नल पाठवणारा हा बाप मग मृत मुलाशी संपर्क होतो असं मानू लागला. त्यावर पुस्तकही लिहिलं. अनेक शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीका केली, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. २२ ऑगस्ट १९४० रोजी ते वारले.

आता तुमच्या व्हॅनसाठी

लॉज यांच्या स्पीकरचा धडा असा, की नुसता स्पीकर चांगला असून भागत नाही. त्याला ताकद देणारा सिग्नल आणि बसवायची जागाही नीट हवी.

- बेसच्या मागे लागू नका. बोलणं समजायला साधारण १ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा. इंजिनाची घरघर त्याच्या बरीच खाली असते. सबवूफर त्या घरघरीत भरच घालतो. तीन-चार इंची फुल रेंज स्पीकर पुरे.
- जवळ लावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. स्पीकर ड्रायव्हरच्या कानाकडे तोंड करून बसवा, दारात गुडघ्यापाशी नको.
- ब्लूटूथ तपासा. काही स्पीकर शांतता असली की झोपतात आणि जागे होताना पहिला शब्द गिळतात. तोच शब्द ‘डावीकडे’ असला तर? अशा वेळी ऑक्स केबल बरी.
- मॅपचा आवाज वेगळा वाढवा. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये सूचनांचा आवाज वाढवता येतो, भाषाही मराठी ठेवता येते.

दुकानातल्या शांततेत सगळेच स्पीकर छान वाटतात. म्हणून बसवल्यावर एक फेरी मारा, शेजारी बसलेल्याला मॅप हाताळू द्या आणि सूचना पहिल्या शब्दापासून कळते का ते बघा. कळली नाही, तर मोठा स्पीकर आणण्याआधी त्याची जागा बदलून पाहा.