मुक्तीची मंडळी : पंडिता रमाबाईंचे केडगावपर्व

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) दिले जाणारे स्थान बहुधा दोन ग्रंथांपुरते मर्यादित राहिले आहे : 'स्त्रीधर्मनीति' (१८८२) आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेले अमेरिकेचे प्रवासवृत्त. सामाजिक इतिहासकारांचे लक्ष त्याहून थोडे पुढे, म्हणजे शारदा सदनाच्या १८९३ मधील वादापर्यंत जाते. त्यानंतर रमाबाई केडगावला गेल्या आणि जणू महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या कक्षेबाहेर पडल्या, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक त्यांच्या आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे केडगावात गेली. तेथे त्यांनी एक ख्रिस्ती मंडळी उभी केली आणि त्या मंडळीसाठी एक ग्रंथ सिद्ध केला. या दोन्ही गोष्टी त्यांच्या पूर्वायुष्यातील एकाच प्रश्नाशी निगडित आहेत. धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द कोणाचा, हा तो प्रश्न होय.

हा प्रश्न त्यांच्यापुढे घरातूनच आला होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना धर्माधिकाऱ्यांच्या रोषास तोंड द्यावे लागले. पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी आश्रम थाटला व तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कर्ज व दारिद्र्य यांमुळे आश्रम मोडला आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. राहिले ते रमाबाई आणि बंधू श्रीनिवास. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी उपासमारीने माणूस कसा मरतो हे प्रत्यक्ष पाहून मोठी झाली होती. केडगावचा विचार करताना ही एक गोष्ट कधीही दृष्टिआड करता येत नाही.

१८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी दिल्या, १८८० मध्ये श्रीनिवास वारले, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म आणि १८८२ च्या प्रारंभी वैधव्य. एवढ्या घटना चार वर्षांत घडल्या. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला नाही. तो केवळ दुसऱ्या घरात गेला. वाँटेजच्या भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार हा या दृष्टीने फार बोलका दस्तऐवज आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, बिशपांचा अधिकार, क्रुसावरील लॅटिन अक्षरे यांपैकी कोणतीच गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. लॅटिनऐवजी संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. पण भाषेच्या निवडीतच अधिकाराची निवड असते हे त्यात त्यांनी ओळखले होते. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातील बिशपांच्या मतावर सोपविला गेला, तेव्हा त्यांनी आपली नापसंती स्पष्ट कळविली. ब्राह्मण धर्माधिकाऱ्यांपासून सुटलेली स्त्री आंग्ल धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहील, ही वाँटेजची अपेक्षाच मुळात भाबडी होती.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या. तेथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. गोदूबाई, म्हणजे पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, ही तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी. सदन १८९० मध्ये पुण्यास आले. तेथे जातीचे नियम पाळण्याची पूर्ण मुभा होती. परंतु १८९१ च्या सुमारास, विल्यम हॅस्लम यांचे आत्मवृत्त वाचल्यानंतर, स्वतः रमाबाईंच्या श्रद्धेला वैयक्तिक अनुभवाचे वळण लागले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या पुढील आत्मनिवेदनाचा आशय आहे. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, 'केसरी'ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही पक्षांकडे काही सत्य होते. दार उघडे ठेवून प्रार्थना करणे म्हणजे सक्ती नव्हे, हे रमाबाईंचे म्हणणे तर्काला धरून होते. पण आश्रित मुलीच्या दृष्टीने आश्रयदात्रीचे उघडे दार तटस्थ नसते, ही सुधारकांची शंकाही अनाठायी नव्हती. केडगावात हीच शंका अधिक मोठ्या प्रमाणावर उभी राहणार होती.

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग पसरला होता, सदनात नव्या मुली ठेवण्यास सरकारी मनाई होती. तेव्हा पुणे–सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे फळबागेसाठी आधीच घेतलेल्या जमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. दौंड तालुक्यातील हे त्या काळचे साधे खेडे. मुक्तीच्या मंडळीचा आरंभ असा झाला. तिच्यामागे कोणत्याही मिशनरी संस्थेचा ठराव नव्हता. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या दुःस्थितीबद्दल सरकारवर उघड टीका करून रमाबाईंनी राज्यकर्त्यांचीही नाराजी ओढवून घेतली.

१८९७ च्या अखेरीस शंभराहून अधिक मुलींचा बाप्तिस्मा झाला. मुक्तीतील असे बाप्तिस्मे भीमेच्या पात्रात निमज्जनाने होत. भीमा उगम पावते जिल्ह्याच्या वायव्येस, आंबेगाव व खेड तालुक्यांलगतच्या भीमाशंकराच्या डोंगरात, आणि पुढे पंढरपुरास तीच चंद्रभागा होते. तीर्थोतीर्थी वाढलेल्या पुराणिकाच्या मुलीला हे वेगळे सांगण्याची गरज नव्हती. स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यावा, हे बॅप्टिस्ट पंथाचे मुख्य लक्षण. त्या पंथाचा मराठीशी पहिला संबंध श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांच्यामुळे, म्हणजे १८०५ चे व्याकरण, १८१० चा कोश आणि १८११ चा नवा करार यांच्याद्वारे आला होता. पण महाराष्ट्रात मंडळ्या उभारल्या त्या प्रामुख्याने इतरांनी : जुन्नरला चर्च मिशनरी सोसायटीने, अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनने, पुण्यास स्कॉटिश मिशनने. मुक्तीची मंडळी यांपैकी कोणाचीच नव्हती आणि बॅप्टिस्ट हे नावही तिने घेतले नाही. निमज्जन स्वीकारले, पण पंथ स्वीकारला नाही. पाळकाची दीक्षा रमाबाईंना नव्हती. संस्कारांसाठी त्या वेगवेगळ्या मिशनांच्या पाळकांना बोलावीत. मंडळीची सूत्रे मात्र एका स्त्रीच्या हाती होती, आणि त्या काळच्या ख्रिस्ती महाराष्ट्रात हे अपूर्वच होते.

आता त्या शंकेविषयी. भुकेने मरणासन्न झालेली मुलगी अन्न देणाऱ्या हाताचा धर्म स्वीकारते, तेव्हा त्या स्वीकाराला कबुली म्हणावे काय? ज्या बाप्तिस्म्याचा सारा अर्थच व्यक्तीच्या स्वतंत्र कबुलीवर अवलंबून, त्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. रमाबाईंच्या चरित्रकारांनी तो बहुधा टाळला आहे, आणि विरोधकांनी त्याचे उत्तर गृहीत धरले आहे. त्या मुलींपैकी फारच थोड्यांचे स्वतःचे शब्द लिखित स्वरूपात उरले असल्याने उत्तर सोपे नाही. एवढे निश्चित म्हणता येते, की अन्न मिळविण्यासाठी रमाबाईंनी बाप्तिस्म्याची अट घातली नव्हती, आणि दुष्काळात पालकांच्या मृतदेहांशेजारी बसण्याचा अनुभव त्यांना पुस्तकातून मिळालेला नव्हता.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन, शिवाय शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असा पसारा वाढला. शतक संपता संपता विस्तीर्ण उपासनामंदिराच्या बांधकामास हात घातला गेला. या मंडळीची घडण इतर ग्रामीण मंडळ्यांहून मूलतः निराळी होती. अन्यत्र एखादे कुटुंब वा एखाद्या जातीचा गट ख्रिस्ती होई आणि जातीची पंगत मंडळीतही शिरे. येथे आलेल्या मुलींचे कुटुंबच दुष्काळाने नष्ट केले होते. शारदा सदनात निराळ्या चुली होत्या. केडगावात एकच स्वयंपाकघर होते. मात्र याच कारणाने ही मंडळी एका जागी साचून वाढली नाही. मुली विवाह होऊन अन्यत्र गेल्या, काही शिक्षिका व बायबल-स्त्रिया म्हणून इतर मिशनांत गेल्या. तिची वाढ केवळ केडगावच्या नोंदवहीत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

जून १९०५ अखेर मुक्तीत जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्याची कीर्ती परदेशी पोहोचली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापाची कबुली देत. सहकारी मिनी अब्राम्स यांनी पुढील वर्षी त्यावर इंग्रजी पुस्तिका लिहिली. पेंटेकोस्टल चळवळीच्या जागतिक इतिहासात केडगावचे नाव येते ते यामुळे. शिस्तप्रिय मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी तो थांबविला नाही. हिंदुस्थानी स्त्रीने आपल्या पद्धतीने देवाला हाक मारावी, तिला पाश्चात्त्य शांततेचे वळण लावण्याचे कारण नाही, अशी त्यांची भूमिका होती. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना केलेला आक्षेप येथे पुन्हा, अधिक प्रौढ रूपात दिसतो.

त्याच भूमिकेतून बायबलचे भाषांतर आले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर, मुक्तीतील अल्पशिक्षित स्त्रीला दुर्बोध. शिवाय त्यातील कित्येक शब्दांना हिंदू दर्शनांचे संदर्भ चिकटलेले. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला आणि मूळावरून साध्या बोलीत भाषांतर आरंभिले. येथे एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. संस्कृतवर असे प्रभुत्व असलेली दुसरी स्त्री त्या पिढीत क्वचितच सापडेल. आणि तिनेच संस्कृत शब्द वेचून वेचून बाजूला काढले. त्यामुळे वाक्यरचना कित्येक ठिकाणी ओबडधोबड झाली, मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या हट्टापायी मराठीचा ओघ तुटला, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका विदुषीने निरक्षरतेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकासाठी गद्य घडविण्याचा हा प्रयत्न मराठी गद्याच्या इतिहासात दुर्लक्षिला जावा, हे न्याय्य नाही. मजकुराची जुळणी, छपाई, बांधणी हे सर्व मुक्तीतील स्त्रियांनी केले.

मनोरमाबाई आईच्या मागे संस्था सांभाळतील अशी अपेक्षा होती. परंतु २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले. रमाबाईंनी उरलेली मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले, ते पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर पडले. मराठी मंडळ्यांच्या उपासनेत पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. रमाबाईंची प्रत मुक्तीच्या परिघाबाहेर फारशी गेली नाही.