श्रीसंत संताजी महाराज जगनाडे : तुकोबारायांचे लेखक

मागील आषाढीच्या अगोदर चाकणच्या एका कारखान्यात कामास असलेला एक तरुण भेटावयास आला. मुलगा परमुलखातला, पण चार वर्षांत मराठी चांगले शिकलेला. त्याच्या खोलीवरून दर साल दिंड्या जातात, त्या पाहून त्याला गोडी लागली होती. तो म्हणाला, बुवा, तुकाराम महाराजांचा गाथा आणला, पण हजारो अभंग आहेत, कोठून सुरू करू ते कळेना. तुम्ही मला वीसपंचवीस अभंग काढून द्या, म्हणजे महाराज कोण होते ते मला समजेल.

काम सोपे वाटले म्हणून हो म्हटले आणि रात्री गाथा उघडून बसलो. पण काय हो, हा अभंग घ्यावा तर तो राहतो, तो घ्यावा तर हा रुसतो! शेवटी जे कानाला गोड आणि नेहमी टाळावर म्हटले जातात तेवढे पंचवीस उतरून ठेवले. सकाळी ते पुन्हा वाचले तेव्हा मनाला टोचले. यांत दुष्काळात होरपळलेले तुकोबा नव्हते, देवाशी हमरीतुमरीवर येऊन भांडणारे नव्हते, ढोंग्यांची खरड काढणारे नव्हते. साखरेचे तुकोबा तेवढे आम्ही निवडले होते. तेव्हा आठवण झाली ती ज्यांनी प्रत्यक्ष तुकोबारायांच्या तोंडून ऐकून अभंग कागदावर घेतले, त्या चाकणच्या संताजीबुवांची. म्हणून या अंकी त्यांचे चरित्र वाचकांच्या सेवेस सादर करतो.

संताजी महाराजांचा जन्म चाकण येथे ८ डिसेंबर १६२४ रोजी झाला. वडिलांचे नाव विठोबा, मातोश्रींचे मथाबाई. घराण्याचे मूळ गाव मावळातील सुदुंबरे, आडनाव जगनाडे, धंदा तेलाचा. तुकोबारायांचा जन्म १६०८ मधला, म्हणजे गुरु शिष्याहून सोळा वर्षांनी वडील. देहू, सुदुंबरे आणि चाकण ही तिन्ही गावे सकाळी निघून पायी गाठावीत इतकी जवळ. इंद्रायणीच्या काठचा आणि भामनेरच्या तोंडचा हा मुलूख एकच म्हटला तरी चालेल.

घरी तेलाचा घाणा होता. आजच्या मुलांना घाणा ठाऊक नाही म्हणून थोडे सांगतो. मधोमध मोठे उखळ, त्यात उभी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि त्याला डोळ्यांवर झापडे बांधलेला बैल. बैल दिवसभर गोल फिरतो, लाट तीळ, कारळे, करडई दाबते, तेल खाली उतरते आणि पेंड वर राहते. बैलाला वाटते आपण दूर गावी चाललो. झापड काढावे तर तो आपल्या जागीच असतो. संसाराला याहून नेमका दाखला शोधूनही सापडायचा नाही, आणि संताजीबुवांच्या डोळ्यांसमोर तो रोज फिरत होता. तेल्याच्या पोराला हिशेबापुरते लिहिणे-वाचणे यावे लागे. किती तीळ घेतले, किती तेल निघाले, कोणाकडे किती उधारी, ही टिपणे ठेवावी लागत. त्या वेळच्या रीतीप्रमाणे लग्नही लहानपणीच झाले. पत्नीचे नाव यमुनाबाई.

ते वय खेळण्याचे असता १६३० सालचा दुष्काळ आला. त्या दुष्काळाने देहूला तुकोबारायांचे दुकान बसवले, घरातली माणसे नेली आणि त्यांना भामचंद्र, भंडारा व घोरावडेश्वर या डोंगरांवर एकांतात नेऊन बसवले. त्यातून अभंगवाणी फुटली. देहूच्या वाण्याला अभंग सुचतात ही वार्ता गावोगाव गेली आणि कीर्तनाची बोलावणी येऊ लागली. चाकण त्या वेळी मोठी पेठ. चक्रेश्वराचे देवस्थान, संग्रामदुर्गाचा भुईकोट, आणि घाटावरून येणारा-जाणारा माल. अशा गावी तुकोबारायांचे कीर्तन झाले आणि ऐकणाऱ्यांत हा तरुण तेली होता.

त्या एका कीर्तनाने संताजीबुवांचा जीव फिरला. घर सोडून रानात जावे असे त्यांना वाटू लागले. पण परंपरा सांगते की तुकोबारायांनी त्यांना संसार सोडू दिला नाही. घाणा चालवून, पोरेबाळे सांभाळूनही परमार्थ होतो, हीच शिकवण त्यांना मिळाली. मग संताजीबुवा तुकोबारायांच्या चौदा टाळकऱ्यांत सामील झाले. दिवसा घाणा आणि रात्री टाळ असा त्यांचा क्रम सुरू झाला. वारकरी पंथाचे सारे सार या क्रमात आले.

आता टाळकरी म्हणजे नुसता टाळ वाजवणारा नव्हे. कीर्तनकार एक चरण म्हणतो, मागचे टाळकरी तो उचलून धरतात, चाल लावतात, निरूपणात प्रमाण हवे तर चटकन आठवण देतात. अभंग त्यांना मुखोद्गत असावा लागतो. संताजीबुवांनी मुखात ठेवलेला अभंग कागदावरही उतरवला, हे त्यांचे वेगळेपण. कीर्तन आटोपून घरी यावे, बोरू शाईत बुडवावा आणि कानात घुमत असलेले शब्द लिहून काढावे, अशी त्यांची सेवा. कागद महाग. जवळच्या जुन्नरचा कागद नावाजलेला खरा, पण तेल विकून मिळालेल्या पैशातून तो घ्यायचा म्हणजे प्रपंचाला चिमटा बसणारच. तो त्यांनी सोसला.

लिहिण्याची ही सेवा संताजीबुवा एकटेच करीत असे नाही. चाकणपासून जवळच कडूस गाव आहे, तेथले गंगाजीपंत मवाळ हेही तुकोबारायांचे लेखक. एक ब्राह्मण, एक तेली. दोघे एकाच मुखातून निघालेले शब्द टिपीत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. शास्त्रार्थाने जे साधले नसते ते कीर्तनाच्या फडाने साधले होते.

पण सारेच असे नव्हते. शूद्राने मराठीत वेदांतले बोलावे, लोकांनी त्याच्या पाया पडावे, हे कित्येकांना खपले नाही. वाघोलीच्या रामेश्वर भटांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याचा प्रसंग आला. तुकोबाराय शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले आणि वह्या तरल्या, ही कथा आपल्या घरोघर ठाऊक आहे. पुढे रामेश्वर भटच शरण येऊन टाळकऱ्यांत उभे राहिले. या प्रसंगाची आणखी एक कथा आमच्या भागात म्हातारी माणसे सांगत. ते तेरा दिवस संताजीबुवा स्वस्थ बसले नाहीत. गावोगाव हिंडून ज्याला जो अभंग पाठ असेल तो म्हणवून घेत आणि लिहीत गेले. दळणाऱ्या बाईला एक पाठ, गुराख्याला अर्धा पाठ, वारकऱ्याला दहा पाठ. असे करीत पाण्यात गेलेला गाथा लोकांच्या मुखातून वर काढला. भाविकाने या दोन कथांत भांडण लावू नये. देवाने तारले तेही खरे आणि लोकांच्या मुखात तरले तेही खरे. देवाचा हात कोठून येतो हे आपण कोण ठरवणार?

सन १६५० मध्ये, शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबाराय वैकुंठास गेले. संताजीबुवा तेव्हा अवघे पंचवीस वर्षांचे. मुखातून नवा शब्द येणे थांबले. आता जे कागदावर आणि ओठांवर होते तेवढेच उरले. ज्या टाळकऱ्याच्या वहीत एखादा अभंग आला नसेल आणि ज्याच्या मुखात तो होता तो मनुष्य गेला असेल, तो अभंग कायमचा गेला. ही गोष्ट मनाशी आणली म्हणजे त्या वह्यांचे मोल कळते.

त्यात काळ धामधुमीचा. १६६० साली शायिस्ताखानाने चाकणला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळजवळ दोन महिने झुंजवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला मोगलांकडे गेला. अशा वेळी माणसे सोने-नाणे आणि भांडीकुंडी घेऊन पळतात. जगनाड्यांच्या घरात वह्याही सांभाळल्या गेल्या, कारण त्या पुढे शतकानुशतके टिकल्या हे आपण जाणतो. चिरंजीव बाळोजी यांनीही वडिलांमागे अभंग लिहिण्याची सेवा चालवली. बापाचा घाणा मुलाकडे जातो हे जगाने पाहिले आहे, येथे बोरूही मुलाकडे गेला.

संताजीबुवांनी देह ठेवला तो मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस. त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे आणि तेथे दर साल त्या तिथीस उत्सव होतो. त्यांच्या अंताची कथा अशी सांगतात : तुकोबारायांनी त्यांना वचन दिले होते की तुझ्या मातीला मी येईन. समाधीत देह ठेवला, लोकांनी माती लोटली, पण कितीही लोटली तरी मुख झाकेना. मग तुकोबाराय स्वतः आले, त्यांनी मूठ मूठ माती घातली आणि मुख झाकले गेले. ज्या मुखाने जन्मभर गुरूचे शब्द धरून ठेवले ते गुरूच्या हातांवाचून मिटेना, असा या कथेचा भाव आम्ही समजतो.

पुढची हकिकत वह्यांची. इंग्रजी अमदानीत, १८६९ आणि १८७३ मध्ये, सरकारी साह्याने गाथा छापला गेला. तो शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या प्रती पाहून सिद्ध केला. त्यात साडेचार हजारांच्या वर अभंग आले. त्यानंतर ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे, महाराष्ट्र सारस्वत लिहिणारे, यांना तळेगावास जगनाड्यांच्या वंशजांकडे संताजीबुवांची वही पाहावयास मिळाली. तिच्या आधारे त्यांनी १९१९ आणि १९२० मध्ये तुकारामबुवांचा अस्सल गाथा दोन भागांत छापला. या वहीतले अभंग हजाराहून अधिक, पण छापील गाथ्याच्या निम्म्यानेही नाहीत. विद्वानांत त्यावर पुष्कळ वाद झाला. अस्सल कोणता, भर पडलेला कोणता, पाठ कोणाचा शुद्ध, हे प्रश्न आजही चर्चेत आहेत. भारत सरकारने २००९ मध्ये संताजीबुवांचे टपाल तिकीट काढले. राज्यात ८ डिसेंबरला त्यांची जयंती होते. तेली समाज त्यांना आपले दैवत मानतो आणि वारकरी त्यांना आपल्यातला एक टाळकरी मानतो.

आता पुन्हा त्या तरुणाच्या पंचवीस अभंगांकडे येऊ. संताजीबुवांच्या वहीकडे पाहिले म्हणजे निवडीचे मर्म उलगडते. आम्ही गाथ्यातून आमच्या आवडीचे निवडले. त्यांच्या वहीची मूळ निवड कीर्तनाची होती. तुकोबाराय ज्या रात्री ज्या श्रोत्यांपुढे जे बोलले, ते त्यांनी घेतले. गोड आले तर गोड आणि तिखट आले तर तिखट. लेखकाने मध्ये आपली रुची आणली नाही. आपल्या परंपरेतही निवड आहेच. पालखीच्या वाटेवर भजनी मालिका असते. आधी रूपाचे अभंग, मग वारांचे, पुढे गौळणी वगैरे. कीर्तनकार एकच अभंग निरूपणास घेतो आणि बाकीचे प्रमाणाला आणतो. पण ही निवड पुष्कळ पिढ्यांच्या पायांनी मळलेल्या वाटेसारखी आहे. ती एका रात्रीत एका माणसाच्या लहरीने झालेली नव्हे.

म्हणून आम्ही पहिला कागद फाडला आणि दुसरा केला. तुकोबारायांनी स्वतःची हकिकत सांगितली आहे तो अभंग आधी घातला. त्यामागून अनुतापाचे आणि देवदर्शनाच्या तळमळीचे घातले. मग विठोबाशी भांडणाचे. मग ढोंगावर कोरडे ओढणारे. मग विराण्या आणि गौळणी. मग शांत झालेल्या मनाचे, आणि शेवटी निर्याणाचे. पाच अभंग असे ठेवले की जे आम्हाला स्वतःला आवडत नाहीत, कारण ते आमच्याच अंगावर येतात. ते गाळले असते तर त्या मुलाला तुकोबा भेटले नसते, आमचीच तसबीर भेटली असती.

कागद देताना त्याला एवढेच सांगितले, की छापील वाचू नको, वही घे आणि रोज एक अभंग आपल्या हाताने उतरव. हात चालला म्हणजे शब्द पोटात जातो. त्याने मान डोलावली. रात्रपाळी करून येतो आणि झोपण्यापूर्वी एक अभंग लिहितो, असे परवा त्याने कळवले. मराठी अक्षर अजून वाकडे आहे, पण पंचवीस संपले आणि तो आता गाथ्यातून आपणच पुढचा काढून घेतो.

भामचंद्राच्या पायथ्याशी आज कारखान्यांच्या भिंती आल्या आहेत, चाकणच्या पेठेतून मोटारींची रांग खंडत नाही. घाणे कधीच थांबले. पण पाळी संपवून आलेला कोणी कामगार दिव्याखाली बसून अभंग उतरतो आहे, तोवर संताजीबुवांची वही पुरी झाली असे म्हणता येणार नाही. देहूला जाल तेव्हा थोडी वाट वाकडी करून सुदुंबऱ्यास जावे, समाधीवर माथा ठेवावा आणि घरी आल्यावर एक तरी अभंग स्वहस्ते लिहावा. एवढे वारकरी बंधुभगिनींच्या चरणी सांगून लेखणी ठेवतो.

रामकृष्णहरि.