होळकरांची केशरी मोटार

जुन्या मोटारींच्या शौकिनांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला पंथ सोवळ्याचा. गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, तिला एक स्क्रूसुद्धा परका चालायचा नाही. दुसरा पंथ म्हणतो, गाडी माझी, तिला रूपही माझ्याच मनाचे देणार. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे गरजच गाड्यांची रूपे बदलते. ताडोब्यात छप्पर उतरवून, मागच्या सीटा पायरीपायरीने उंच केलेली जिप्सी पाहावी, किंवा आलापल्लीच्या वाटेने टपावर पोती लादून धावणारी काळी-पिवळी. पण हौस म्हणून मोटारीला रूप देणारा आणि दोन्ही पंथांनी ज्याला मुजरा करावा असा शौकीन मराठी घराण्यात होऊन गेला. ते म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे.

त्यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. मुंबईत गाजलेल्या बावला खून प्रकरणानंतर वडील तुकोजीराव यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली आणि सतरा वर्षांचा हा मुलगा महाराज झाला. शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डला. पत्नी संयोगिताराजे कागलच्या. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार १९३० मध्ये हाती आले आणि त्याच सुमारास त्यांनी माणिकबाग राजवाड्याचे काम एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडे सोपवले. राजवाडा म्हटला की कमानी, झुंबरे, नक्षी हे ठरलेलेच. इथे मात्र सरळ भिंती, स्टील आणि काच, बिननक्षीच्या खुर्च्या! ब्रांकुशी या शिल्पकाराचे तीन पक्षी त्यांनी विकत घेतले. त्यांना ना पंख ना चोच, आहे ती नुसती झेप.

मोटारींतही हीच दृष्टी होती. त्या काळी बड्या गाड्यांची कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन देई. वरचा साज गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे दुसराच कारागीर चढवी. अनेक संस्थानिकांनी हा साज चांदीने मढवला. यशवंतरावांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतून ड्यूसेनबर्गचा सांगाडा घेतला. त्याला आठ सिलिंडरांचे, जवळपास सात लिटरचे इंजिन होते आणि कंपनीच्या दाव्याप्रमाणे त्याची ताकद ३२० अश्वशक्ती होती. लंडनच्या गर्नी नटिंगने त्यावर लांबलचक, सडपातळ देह चढवला. एवढ्या अजस्र गाडीत बसायला माणसे दोनच! रंग केशरी आणि काळा. अमेरिकेचा सांगाडा, इंग्रज कारागीर आणि इंदूरचा मालक. यातले अस्सल कोणते आणि परके कोणते, हे सोवळ्या पंथाने खुशाल ठरवावे.

बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतोच, की हा पैसा कोणाचा? संस्थानाच्या तिजोरीत रयतेचा घाम होता, हे विसरून कौतुक करणे बरे नव्हे. पण त्याच माणसाने १९३८ मध्ये संस्थानातली देवळे हरिजनांना खुली केली. नागपूरचे सी. के. नायडू त्यांच्या संघातून खेळले आणि त्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. नव्याला दारातच अडवायचे नाही, ही वृत्ती केवळ दिवाणखान्यापुरती नव्हती.

नशिबाने मात्र हात आखडता घेतला. १९३७ मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. ब्रांकुशीच्या पक्ष्यांसाठी एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले होते. त्यासाठी तो इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर उभे राहिलेच नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, महाराज उपराजप्रमुख झाले आणि ५ डिसेंबर १९६१ रोजी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मुंबईत गेले. माणिकबागेतले सामान १९८० मध्ये मोनाकोत लिलावात निघाले आणि राजवाड्यात सरकारी करखाते आले.

केशरी मोटारही परदेशी गेली. गंमत अशी, की मालकाच्या मर्जीने घडलेली ही गाडी आज सोवळ्या पंथाच्या देव्हाऱ्यात आहे. तिचा एक स्क्रू बदलायचा म्हटले तर जाणकार हळहळतील. कालची हौस आज वारसा झाली, ती अशी. तेव्हा ब्रह्मपुरीच्या एखाद्या पोराने आजोबांची जुनी जीप उघडून तिला नवा साज चढवायला घेतला, तर घरच्या मोठ्यांनी लगेच कपाळाला आठ्या घालू नयेत. आधी वेल्डिंग सरळ आहे का, ब्रेक नीट लागतो का, कागदपत्रे कायद्यात बसतात का, एवढे पाहावे. रंग कोणता द्यायचा ते त्याच्यावर सोपवावे.