नंबर दोनचा बँजोवाला

बँजो म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? मुंबईकर असाल तर गणपतीची मिरवणूक आणि बेंजो पार्टी. तो बेंजो बटणं दाबून वाजवतात, त्याचं मूळ नाव बुलबुल तरंग. आज ज्याची गोष्ट सांगतेय त्याचा बँजो वेगळा. डफासारखं गोल, कातडं ताणलेलं अंग, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. पाचवी तार आखूड, दांडीच्या मधूनच सुरू होणारी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर हे वाद्य अमेरिकेत पोचलं आणि पुढे दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या ब्लूग्रास संगीताचा जीव होऊन बसलं.

ब्लूग्रास ऐकणाऱ्या कुणालाही बँजोवाल्याचं नाव विचारा, उत्तर येईल अर्ल स्क्रग्ज. आपला माणूस तो नाही. आपला माणूस डॉन रेनो, आणि त्याची सगळी गोष्ट या पहिल्या नावाभोवतीच फिरते.

रेनोचा जन्म साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गचा, बालपण नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतावर. शाळकरी वयातच तो रेडिओवर वाजवायला लागला. त्या भागात स्नफी जेनकिन्स नावाचा एक वादक होता. अंगठा आणि दोन बोटांत नख्या घालून तो अशा काही तारा छेडायचा, की सुरांची नुसती सर लागायची, मध्ये फट म्हणून नाही. ही तीन बोटांची पद्धत रेनोने उचलली. नॉर्थ कॅरोलिनातच वाढणाऱ्या स्क्रग्जच्या कानावरही हेच वादन पडत होतं. म्हणजे बघा, पाणी एकाच विहिरीचं.

१९४३ मध्ये बिल मनरोने रेनोला बोलावलं. मनरो म्हणजे ज्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडवरून या संगीताला नाव मिळालं तो. रेनोने तेव्हा विशीही गाठली नव्हती. एवढी मोठी ऑफर, आणि त्याने नाही म्हटलं. कारण महायुद्ध पेटलं होतं आणि त्याला सैन्यात जायचं होतं.

ट्रेनिंग झालं घोडदळाचं आणि लढावं लागलं पायी, तेही ब्रह्मदेशात. ज्या ‘मेरिल्स मरॉडर्स’ तुकडीत तो लढला, तिचे पहिले सैनिक १९४३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबई बंदरात उतरले होते आणि आधी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत राहिले होते. हे वाचलं तेव्हा मी दोनदा तपासून पाहिलं. पुढे आसाममधल्या लेडोहून निघून ही तुकडी जंगलातून शेकडो किलोमीटर चालत जपानी फौजांच्या पिछाडीला गेली. मलेरिया आणि जुलाबांनी माणसं गोळ्यांइतकीच हैराण झाली. रेनो लढाईत जखमी झाला.

आणि इकडे? डिसेंबर १९४५ मध्ये मनरोच्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज आला. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमातून त्याची तीन बोटं देशभर ऐकू गेली. लोक अक्षरशः वेडे झाले. रेनो घरी परतून वाजवायला लागला, तर ऐकणारे म्हणू लागले, हा तर स्क्रग्जची कॉपी करतो!

जरा विचार करा. तुम्ही वर्षानुवर्षं एखादी गोष्ट घोटलीय. मध्ये नाइलाजाने गॅप पडला आणि तेवढ्यात दुसरा कुणीतरी त्याच गोष्टीसाठी फेमस झाला. त्याने चोरलेलं नाहीय, तोही तितकाच खरा आहे. भांडणार कुणाशी?

रेनो भांडला नाही. १९४८ मध्ये स्क्रग्जने मनरोचा बँड सोडल्याचं कळलं, तेव्हा तो बँडला शोधत टेलर्सव्हिल या गावी पोचला. कार्यक्रम सुरूच होता. त्याने पेटीतून बँजो काढला आणि सरळ स्टेजवर जाऊन वाजवायला लागला. पाच वर्षांपूर्वी नाकारलेली जागा अशी मिळाली, पण आता ती स्क्रग्जची जागा होती.

मग त्याने जे केलं त्यासाठी मला हा माणूस आवडतो. त्याने आपला हातच बदलला. अंगठा आणि तर्जनीने एकाच तारेवर आलटून पालटून आघात करत, गिटारवर घेतात तशा सरळ ताना तो बँजोवर घ्यायला लागला. स्टील गिटारचे कॉर्ड, जॅझची वळणं, जे सापडेल ते त्याने पाच तारांवर बसवलं. हे अवघड आहे, कारण तीन बोटांच्या रोलमध्ये असलेला आधार इथे नसतो. एक सूर चुकला की उघडा पडतो. रेनोही कधी कधी चुकायचा. रेकॉर्डमध्ये ऐकू येतं.

स्क्रग्जशी वैर? छे. दोघांनी चक्क बँजोंची अदलाबदल केली. जेनकिन्सकडून रेनोकडे आलेला गिब्सन कंपनीचा ग्रनाडा स्क्रग्जकडे गेला आणि पुढे स्क्रग्जच्या नावानेच प्रसिद्ध झाला. तिथेही तेच!

१९५० च्या आसपास रेनोला रेड स्मायली भेटला. हाही युद्धात जखमी झालेला, मऊ आवाजाचा गायक. दोघांचा ‘टेनेसी कटअप्स’ बँड. जानेवारी १९५२ मध्ये त्यांनी सिनसिनाटीत किंग रेकॉर्ड्ससाठी गाणी केली. गंमत म्हणजे रेकॉर्ड विकल्या जात होत्या, पण कार्यक्रम मिळेनात, म्हणून काही वर्षं बँड बंदच ठेवावा लागला.

त्याच दिवसांत, १९५५ मध्ये, त्याने आर्थर स्मिथबरोबर एक तुकडा वाजवला. दोन बँजोंची जुगलबंदी, पाच तारांचा बँजो रेनोचा. १९७२ मध्ये ‘डिलिव्हरन्स’ सिनेमात तीच धून ‘ड्युएलिंग बँजोज’ म्हणून वाजली. वाजवणारे दुसरेच. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ती दुसऱ्या नंबरवर पोचली. स्मिथला विचारलंही नव्हतं. तो कोर्टात गेला, जिंकला, रचनाकार म्हणून नाव आणि पैसे मिळाले. तुम्हीही ही धून कुठल्या तरी रीलवर नक्की ऐकली असेल. रेनोचं नाव मात्र ऐकलं नसेल.

स्मायलीची तब्येत ढासळल्यावर १९६४ मध्ये जोडी फुटली. रेनो दुसऱ्या साथीदारांबरोबर, मग मुलांबरोबर वाजवत राहिला. १६ ऑक्टोबर १९८४ रोजी तो गेला. ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं १९९२ मध्ये, स्मायलीबरोबर.

त्याची तिन्ही मुलं संगीतातच आली. त्यातल्या डॉन वेन आणि डेल या दोघांनी ‘हेसीड डिक्सी’ नावाच्या बँडमध्ये एसी/डीसीची हेवी रॉक गाणी बँजो आणि मॅन्डोलिनवर वाजवली. २००१ चा तो अल्बम आहे, शोधून ऐका. बँजो डॉन वेनचा आहे.