विश्लेषण : नारूचा अभ्यास करणारे डॉ. नील फेअरली कोण होते? मुंबईत त्यांच्या वाट्याला काय आले?

आटगावजवळच्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. बंद नळातून येणाऱ्या पाण्यात नारूला थारा नसतो. पायऱ्यांच्या विहिरीत मात्र तो सहज टिकतो. या जंताचा मुंबईत अभ्यास केलेले डॉ. नील हॅमिल्टन फेअरली मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

त्यांचा जन्म १८९१ चा. पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून इजिप्तमध्ये असताना त्यांनी बिल्हार्झिया या जंताच्या आजारासाठी रक्तचाचणी विकसित केली. १९२२ मध्ये टाटा प्राध्यापक म्हणून ते मुंबईत आले, तेव्हा ज्या नव्या वैद्यकीय शाळेसाठी त्यांना बोलावले होते, तिचे पाठबळच उरले नव्हते. मग परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) त्यांची सोय झाली. तिथे नारूवर आधीपासून काम सुरू होते आणि त्यात डॉ. तर्खड हे आपले मराठी नावही होते.

नारू नेमका पसरतो कसा?

पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव असतो. नारूची अळी त्याच्या पोटात असते. ते पाणी प्यायले की सायक्लॉप्स मरतो, अळी मात्र आतडे भेदून शरीरात शिरते. वर्षभराने हातभर लांबीची मादी बहुधा पायाला फोड आणून बाहेर डोकावते. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात घालतो आणि जंताला तेच हवे असते! लाखो अळ्या विहिरीत सुटतात, चक्र पुन्हा सुरू.

जंत काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढत. तो तुटला की पाय सुजून पू होई. शरीरातील या बिघाडावर फेअरली आणि ग्लेन लिस्टन यांनी १९२४ मध्ये संशोधन प्रसिद्ध केले.

पुढे काय झाले?

फेअरलींना मुंबईतच स्प्रू हा पचनाचा चिवट आजार जडला आणि १९२५ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले. दुसऱ्या महायुद्धात, ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे स्वयंसेवकांवर चाचण्या घेऊन त्यांनी रोजच्या अ‍ॅटेब्रिन गोळीने मलेरिया रोखता येतो हे दाखवले. नाव झाले ते त्यामुळेच. १९५० मध्ये ते ‘सर’ झाले, १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले.

भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी फडक्याने गाळणे, यावरच ती मोहीम उभी होती. नारूवर लस किंवा तो बरा करणारे औषध आजही नाही.