फादर फेलिक्स व्हारेला

स्वदेशास अंतरलेला मनुष्य पुष्कळदा आपलेच दुःख कवटाळून बसतो. क्वचित एखादा मात्र आपल्यासारख्याच दुसऱ्या निराश्रितांच्या उपयोगी पडतो. अशा एका धर्मगुरूचे चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहो. क्यूबा व आयर्लंड या दोन बेटांच्या मध्ये अफाट अटलांटिक महासागर पसरला आहे. तथापि या एका पुरुषाच्या आयुष्यात ती दोन्ही जवळ आली.

फेलिक्स व्हारेला यांचा जन्म २० नोव्हेंबर १७८८ रोजी क्यूबातील हवाना शहरी झाला. आई लहानपणीच निवर्तली. आजोबा स्पॅनिश सैन्यात अधिकारी असून फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे होते. फ्लॉरिडा त्या काळी स्पेनच्या ताब्यात होता. नातू तेथेच वाढला. गावचे धर्मगुरू मायकेल ओरायली हे आयरिश होते व तेच या पोरक्या मुलाचे गुरू झाले. नातवाने सैन्यात जावे अशी घरची इच्छा होती. परंतु आपणांस माणसे मारावयाची नसून आत्मे तारावयाचे आहेत, असे चौदा वर्षांच्या मुलाने सांगितले.

हवानास परतून त्यांनी सान कार्लोस विद्यालयात अध्ययन केले. १८११ साली त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली व लवकरच ते तेथेच तत्त्वज्ञान शिकवू लागले. तोवर तो विषय लॅटिनमध्ये घोकून घेण्याची वहिवाट होती. व्हारेला यांनी तो मुलांच्या स्वभाषेत, स्पॅनिशमध्ये, शिकविण्यास आरंभ केला व पदार्थविज्ञान प्रयोगांनी समजावून दिले. क्यूबाच्या लोकांस विचार करण्यास प्रथम त्यांनीच शिकविले, अशी त्यांची ख्याती आहे.

१८२१ साली त्यांची माद्रिद येथील प्रतिनिधिसभेवर निवड झाली. वसाहतींस आपला कारभार आपण पाहू द्यावा, असे त्यांनी तेथे मांडले. गुलामगिरी नष्ट करावी म्हणून त्यांनी एक निवेदनही लिहून ठेवले होते. क्यूबाच्या साखरेची श्रीमंती गुलामांच्या घामावर उभी होती. तेव्हा हे बोलणे किती धाडसाचे होते, हे सांगावयास नको. १८२३ साली राजा सातवा फर्डिनांड याने राज्यघटना मोडून टाकली. व्हारेला यांस देहांताची शिक्षा फर्मावण्यात आली. ते जिब्राल्टरमार्गे निसटले व त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कडक थंडीत उतरले.

त्या शहरात आयर्लंडहून आलेल्या दरिद्री लोकांची गर्दी होत होती. अंगमेहनतीची कामे, कोंदट खोल्या व वरचेवर येणारे आजार, असे त्यांचे जिणे होते. लहानपणी एका आयरिश गुरूने आपणांस सांभाळले, ते ऋण फेडण्याची जणू ही वेळच आली. व्हारेला यांनी त्या लोकांसाठी देवालये उभारली, शाळा चालविल्या व दारूने संसार बुडू नयेत म्हणून १८४० साली मद्यपाननिषेधक मंडळी स्थापिली. १८३२ च्या पटकीच्या साथीत ते रोग्यांच्या उशाशी जाऊन बसत. दारी आलेल्यास ते विन्मुख पाठवीत नसत. घरातील चमचे व अंगावरील कोटही त्यांनी देऊन टाकल्याच्या गोष्टी सांगतात.

पुढे १८४५ पासून आयर्लंडातील बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेच तेथील गरिबांचे मुख्य अन्न. त्यामुळे सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व तापाने मेली आणि त्याहून अधिक देशोधडीस लागली. त्यांपैकी पुष्कळ न्यूयॉर्कच्या बंदरी उतरले. व्हारेला यांचे शरीर तोवर दम्याने खचले होते. तथापि मागून आलेल्या या भुकेल्यांस, आपल्या लोकांची देवालये व शाळा तेथे आधीच उभ्या असलेल्या आढळल्या.

प्रकृतीसाठी ते पुन्हा सेंट ऑगस्टीनला गेले व फेब्रुवारी १८५३ मध्ये, बालपण जेथे गेले त्याच गावी, वारले. क्यूबाचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही. तेथील गुलामगिरी १८८६ साली संपली व स्पेनची सत्ता १८९८ साली उठली. यांपैकी काहीच त्यांस पाहावयास मिळाले नाही. त्यांच्या अस्थी मात्र नंतर हवानास नेण्यात आल्या व तेथील विद्यापीठात जतन केल्या आहेत.

बालमित्रहो, व्हारेला यांस मायदेशाचे काम अर्धे टाकून यावे लागले. म्हणून त्यांनी हात जोडून बसणे पत्करले नाही. समोर जो भुकेला आला त्याचा देश न विचारता त्यांनी त्यास आपले मानले. आपल्या ताटातला घास दुसऱ्यास देताना या परदेशी गुरुजींची आठवण आपणांस व्हावी, एवढीच आमची इच्छा आहे.